मिस लर्लीनचा उजवा बूट

डॉगवुड फोर्कच्या अग्निशमन केंद्रात दर शनिवारी दुपारी एक वाजता दोन्ही बंब बाहेर अंगणात काढतात आणि आत त्यांच्या जागी खुर्च्या गोल मांडतात. कुणी कुठे बसायचं हे कुठे लिहिलेलं नाही. पण एखादा पाहुणा चुकून फिडलवाल्याच्या खुर्चीत टेकला, तर अशी शांतता पसरते की तो आपोआप उठतो. मग गाणं सुरू होतं आणि फेरी फिरते: आधी फिडल म्हणजे आमचं व्हायोलिन, मग बँजो, मँडोलिन, गिटार. ज्याला जमेल त्याने आपला डाव वाजवायचा, नाही जमलं तर मान हलवून पुढच्याला द्यायचा. मध्येच भोंगा वाजला तर फिडल आणि मँडोलिन खुर्चीवर ठेवून दोघं बंबावर उडी मारतात, कुणाचं तरी धुरांडं विझवून येतात आणि तेच गाणं चालू असेल तर तिथूनच उचलतात.

फेरी कितीही वेळा फिरू शकते. तिला थांबवायची खूण एकच. उजवा पाय वीतभर वर. पाय वर गेला की ही शेवटची फेरी, तिच्या टोकाला सगळ्यांचे हात एकदम थांबणार. इतर गावांत ज्याने गाणं सुरू केलं तो पाय उचलतो. आमच्याकडेही म्हणायला तसंच आहे. पण एकोणीसशे एकोणनव्वदपासून पाय एकाच माणसाचा चालतो, तो म्हणजे मिस लर्लीन टेस्टरमन यांचा.

आमच्या लोकांना त्या खुणेची सवय इतकी मुरलेली आहे की समोर कुठलाही पाय वर दिसला तरी हात आवरतात. एकदा चर्चचे नवे पाद्री कौतुकाने पुढच्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी पायावर पाय टाकला. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं, त्यांनी पाय बदलला, तेही संपलं. चार गाण्यांनंतर ते घरी गेले आणि रविवारी प्रवचनात म्हणाले की डोंगरातल्या लोकांचा संयम वाखाणण्याजोगा आहे, गाणीसुद्धा आटोपशीर.

मिस लर्लीन त्र्याहत्तर वर्षांच्या. अंगाने काटक, घोट्यापर्यंत जीनचा घागरा, तपकिरी बूट, आणि हातात त्यांच्याहून हातभर उंच उभा बास, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. बास कधी एकट्याने पुढे येऊन वाजत नाही. तो मागे उभा राहून सगळ्यांना ताल धरायला लावतो, आणि हे काम त्यांच्या स्वभावाला शोभणारं आहे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. चालकाच्या सीटशेजारी एक दांडा असायचा. तो ओढला की बसच्या बाजूने लाल पाटी सर्रकन बाहेर यायची, आणि दोन्ही दिशांची रहदारी जागच्या जागी थांबायची. लाकडांचे ट्रक, कोळशाचे ट्रक, एकदा तर राज्यपालांची गाडी. त्या म्हणतात, "पोरा, एवढासा दांडा होता. पण मी ओढल्याशिवाय या खोऱ्यात कुणी पुढे सरकलेलं नाही."

त्यांच्या पायाने सगळ्यात जास्त कुणाला थांबवलं असेल तर हार्लेस फिप्सला. हार्लेस बँजो वाजवतो. करवतीच्या गिरणीत उभी हयात गेली, बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्याने स्वतः एक गाणं बसवलं आहे, 'डुक्कर चाललं चर्चला'. चाल झकास आहे, पण तिला शेवट नाही, कारण तो हार्लेसला सुचलाच नाही. तिसऱ्या फेरीत डुक्कर ओढ्यापाशी पोचतं, चौथ्या फेरीला म्हणे टेकडी चढू लागतं. चर्च कितव्या फेरीला येतं हे खोऱ्यात कुणालाच माहीत नाही. तिसरी फेरी संपत आली की मिस लर्लीनचा बूट वर गेलेला असतो.

"लर्लीन, एकदा तरी त्याला दारापर्यंत जाऊ दे," हार्लेस म्हणायचा.

"जाऊन करणार काय तिथे? तुझ्यासारखंच मागच्या बाकावर झोपणार."

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी जिल्हा रुग्णालयात एक्स-रे यंत्राची केबल बदलत होतो. माझं कामच ते. बाहेर आलो तर बाकावर मिस लर्लीन, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट.

"तू मला पाहिलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"शहाणा आहेस. बस."

मग त्यांनीच सांगितलं. डावा गुडघा पार झिजला होता. डॉक्टर म्हणत होते, नवा घालू, आठ आठवडे घरी बसा. उचलायचा उजवा पाय ठणठणीत होता, पण तो उचलला की अंगाचा सगळा भार डाव्यावर यायचा. गेले तीन शनिवार त्यांनी बासला मिठी मारून कसेबसे काढले होते.

"मग करून टाका ना. आठ आठवडे म्हणजे काय मोठे?"

"बेसिलअंकलला तीन आठवडे लागले होते," त्या म्हणाल्या आणि पाकीट माझ्या गुडघ्यावर आपटलं.

ती गोष्ट मला ऐकून माहीत होती. एकोणनव्वद साली बास बेसिलअंकल वाजवायचे. पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेले, तेवढ्यापुरती त्यांच्या जागी कुणी उभं राहावं म्हणून मिस लर्लीन राहिल्या. अंकल तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा जागा रिकामी नव्हती. ती त्या दिवसापर्यंत रिकामी झाली नव्हती. पुढची अकरा वर्षं अंकल कोपऱ्यात बसून जेवायचे चमचे मांडीवर आपटून वाजवत राहिले.

"मी त्यांच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंसुद्धा नाही," मिस लर्लीन म्हणाल्या. "आता तो विंगेट माझ्या तोंडाकडे पाहणार नाही."

ब्रॅडली विंगेट शार्लटहून निवृत्त होऊन आमच्या डोंगरात घर बांधून राहिला आहे. माणूस भला. पण त्याच्याकडे स्वतःचा बास, त्याला खाली चाक, वर दिवा लागणारं सूर लावायचं यंत्र आणि अंगात वाईट खोड म्हणजे मदतीची हौस. दर शनिवारी तो विचारायचा, "मिस लर्लीन, तुम्हाला कधी विश्रांती घ्यावीशी वाटली तर मी आहेच."

"विश्रांतीसाठी डोंगरावर जागा घेऊन ठेवली आहे मी. दगडावर नावही कोरलंय. फक्त एक तारीख घालायची राहिली आहे. तेव्हा ये."

तर असा बेत ठरला की बेतच नाही. मिस लर्लीन उभ्या राहणार, आणि पाय शक्य तितका कमी उचलणार.

त्याचा परिणाम पहिल्याच शनिवारी दिसला. 'डुक्कर चाललं चर्चला' चौथ्या फेरीत गेलं. हार्लेसने सवयीने बुटाकडे पाहिलं. बूट जमिनीवर. पाचवी. सहावी. त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका, मग आश्चर्य, आणि मग जे काही आलं ते मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. नवव्या फेरीला फिडलवाल्याच्या पोटरीत गोळा आला, तो पाय झाडत उठला, आणि त्याचा पाय वर दिसला म्हणून गाणं संपलं. मी घड्याळ लावलं होतं. एकवीस मिनिटं.

पुढच्या शनिवारी हार्लेस इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या पुढच्या शनिवारी केस बसवून. तिसऱ्या शनिवारी वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन. तो त्याने सगळ्यांसाठी म्हणून टेबलावर ठेवला, पण मिस लर्लीनच्या खुर्चीच्या बाजूला ठेवला.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"थर तिरके आहेत."

"सातही मी केले," हार्लेस म्हणाला. त्याला ती स्तुती वाटली होती.

बाहेर अंगणात बंबाला टेकून तो मला म्हणाला, "पोरा, बाईमाणूस छत्तीस वर्षं तुझं गाणं तोडते, आणि मग एके दिवशी तोडत नाही. याचा अर्थ काय?"

मला अर्थ माहीत होता. तो डाव्या गुडघ्यात होता आणि मी कुणालाही पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "हार्लेस, अर्थ बरेच असू शकतात."

"एकच असतो," तो म्हणाला आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

अशात क्लीट रॅस्निक आला. क्लीट म्हणजे आमचं रेडिओ केंद्र. सकाळी हवामान, दुपारी कुणाची गाय विकायची आहे, तीन वाजता निधनवार्ता, सगळं तोच वाचतो. वर्षातून एकदा तो आमची बैठक अग्निशमन केंद्रातून थेट ऐकवतो, अडीच ते तीन.

"मिस लर्लीन, यंदा एक विनंती आहे," तो टोपी हातात घेऊन म्हणाला. "मागच्या वेळी हार्लेसचं डुक्कर तीन मिनिटं जास्त चाललं. रस्क कुटुंबाची आजी तीन मिनिटं उशिरा वारली. घरचे अजून माझ्याशी बोलत नाहीत. तीनच्या आत पाय उचला. तुमच्या पायावर माझी भिस्त आहे."

विंगेट लगेच म्हणाला, "तुम्हाला थकवा वाटत असेल तर तेवढा अर्धा तास मी..."

"पाय उचलला जाईल," मिस लर्लीन म्हणाल्या.

पुढचे दोन आठवडे त्या संध्याकाळी घरी सापडायच्या नाहीत. शाळेच्या मोडक्या बस जिथे टाकतात त्या आवारात त्यांची गाडी उभी दिसायची. नंतर एका बुधवारी त्यांनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि बासवरची चादर काढली.

मी यंत्रातला माणूस आहे, म्हणून सांगतो: काम सुबक होतं. जुन्या बसच्या लाल पाटीचा बिजागर त्यांनी बासच्या तळाशी, जमिनीवर टेकतो त्या खुंटीला पट्टीने आवळला होता. बिजागराला स्वतःचाच एक जुना तपकिरी बूट ठोकला होता, उजवा. तिथून एक बारीक तार बासच्या मागून वर मानेपर्यंत गेली होती, जिथे त्यांचा डावा अंगठा असायचा. तार ओढली की बूट वीतभर वर. सोडली की स्प्रिंगने खाली. खरा उजवा पाय घागऱ्याखाली मागे सारून ठेवायचा, दोन्ही पायांवर भार सारखा, गुडघ्याला त्रास नाही.

"कसं आहे?"

"तारेला थोडं तेल लागेल," मी म्हणालो. "पण मिस लर्लीन, सरळ सांगून टाकलं तर?"

"बेसिलअंकलनी सरळच सांगितलं होतं."

रेडिओच्या शनिवारी केंद्र गच्च भरलं. बाहेर भाजलेल्या कोंबडीचा धूर, आत मक्याचा पाव, घेवडा आणि कॉफीचं मोठं पातेलं. मिस लर्लीन सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या जागी उभ्या होत्या. घागरा जमिनीला टेकलेला, पुढे बुटांची दोन टोकं. शेजारी नेहमीप्रमाणे हार्लेस बुटक्या स्टुलावर, अंगात कोट. मी मँडोलिनवाल्याच्या मागे, गिटार घेऊन.

अडीच वाजता क्लीटने हात खाली केला. पहिलं गाणं फिडलचं. तीन फेऱ्या झाल्या, मिस लर्लीनच्या अंगठ्याने तार ओढली, बूट वर गेला. इतका डौलदार पाय त्यांनी तरुणपणीही उचलला नसेल. गाणं एका झटक्यात संपलं. टाळ्या. क्लीटने अंगठा दाखवला.

मग त्यांनी तार सोडली आणि 'टण्' असा आवाज झाला. काहीतरी उडून कॉफीच्या पातेल्यावर आपटलं. लोकांना वाटलं कुणाचा चमचा पडला. मी ओळखलं. स्प्रिंग होती, आणि तिच्याशिवाय तो घट्ट बिजागर खाली वळणारा नव्हता.

बूट वरच राहिला.

दुसरं गाणं सुरू झालं. फिडलवाल्याने पहिली फेरी घेतली, समोर पाहिलं तर बूट वर. त्याने भुवया उंचावल्या आणि संपवलं. रेडिओ आहे, आज घाई असेल. तिसरं मँडोलिनवाल्याने सुरू केलं. एक फेरी, बूट वर, संपलं. चौथं. पाचवं. मिस लर्लीनचा अंगठा बासच्या मानेमागे वेड्यासारखा चालत होता, चेहरा मात्र चर्चमधल्या पहिल्या बाकावरचा. कुणी विचारलं नाही. त्या बुटाला कधी कुणी विचारलेलंच नाही. आठव्या गाण्याला क्लीट अगदी खुशीत होता. अकराव्या गाण्यानंतर त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याची खुशी उतरली. दोन वाजून एकावन्न मिनिटं झाली होती, आणि आमची गाणी संपली होती.

तीनच्या आधी निधनवार्ता वाचता येत नाहीत, घरोघरी लोक घड्याळाकडे बघत बसलेले असतात. क्लीट हवेत हात फिरवू लागला: वाजवा, काहीही वाजवा.

हार्लेसने कोटाची बाही मागे सारली आणि 'डुक्कर चाललं चर्चला' सुरू केलं. इतक्या हौसेने त्याने ते कधी वाजवलं नव्हतं. पहिली फेरी संपत आली तेव्हा त्याने मान वळवून मिस लर्लीनकडे पाहिलं, तसा गेले कित्येक शनिवार पाहत होता. मग खाली पाहिलं. बूट वर. त्याचा हात मंदावला आणि थांबला.

"लर्लीन," तो म्हणाला, आणि ते अख्ख्या खोऱ्याने ऐकलं, "डुक्कर अजून घरातून निघालंसुद्धा नाही."

मिस लर्लीनचा अंगठा अजून तारेशी झटत होता.

"मला वाटलं होतं तुला आवडायला लागलंय." त्याने बँजो मांडीवर आडवा ठेवला. वाकून तो बुटाकडे पाहू लागला, मग आणखी वाकला, कारण स्टूल बुटकं होतं आणि तिथून घागऱ्याखालचं दिसत होतं. बराच वेळ तो तसाच राहिला. ओठ हलत होते. मोजत होता.

"लर्लीन," तो हळूच म्हणाला, "तुला तीन पाय आहेत."

केंद्रात आधी एक बाई हसली, मग बंबवाले, मग सगळेच. क्लीटने मायक्रोफोन झाकायला हात पुढे केला, घड्याळ पाहिलं आणि तो हात खिशात घातला. सात मिनिटं भरायची होती.

"दोन माझे आहेत," मिस लर्लीन ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "तिसरा बसचा आहे. डावा गुडघा गेलाय. झालं समाधान?"

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

हार्लेसने मनात उन्हाळ्यापासूनचे शनिवार मोजले. इस्त्रीचे शर्ट मोजले. "म्हणजे नऊ फेऱ्या..."

"गुडघा."

"आणि सोळा फेऱ्या, त्या दिवशी, केकच्या..."

"गुडघा, हार्लेस. केक बरा होता."

"मग ऑपरेशन का नाही करून घेतलंस?"

मिस लर्लीननी विंगेटकडे पाहिलं. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "बेसिलअंकल परत आले तेव्हा त्यांची जागा कुठे होती? मी उभी होते तिथे."

हार्लेस स्टुलावरून अर्धा उठला. "बेसिल?" तो म्हणाला. "लर्लीन, बेसिलला ताल नव्हता! माणूस चांगला होता, पण बास असा वाजवायचा की जिन्यावरून बटाटे पडतायत. तो रुग्णालयात गेला तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले. चमचे त्याने स्वतः मागितले. मला म्हणाला, सुटलो बाबा, ती पोरगी काय वाजवते!"

"असं म्हणाले?"

"इथेच. या पातेल्याजवळ."

"मग मला कुणी का नाही सांगितलं?"

"तू कधी बोलू देतेस का कुणाला? तिसऱ्या फेरीला पाय वर!"

विंगेट खाकरला. "मिस लर्लीन, मी माझा बास घरी ठेवीन. आठ आठवडे गिटार वाजवीन. नाहीतर चमचे द्या."

"चमचे चालतील," मिस लर्लीन म्हणाल्या. क्लीटने बोटांनी पाच, चार, तीन दाखवले, आणि मंडळींनी इतकी वर्षं सांभाळलेल्या शिस्तीने तोंडं मिटली. ठीक तीनला निधनवार्ता सुरू झाल्या. त्या आठवड्यात कुणीच उशिरा वारलं नाही. क्लीट सांगतो की त्या अर्ध्या तासासाठी त्याला जितके फोन आले तितके पुराच्या वर्षीसुद्धा आले नव्हते, आणि निम्मे फोन गुडघ्यांवर घरगुती उपाय सांगणारे होते.

ऑपरेशन मंगळवारी झालं. आठ शनिवार बासची जागा रिकामी होती. तिथे एक स्टूल आणि त्यावर तपकिरी बूट. मिस लर्लीननी तो हार्लेसच्या ताब्यात दिला होता आणि बजावलं होतं, "संपवायचं काम आता तुझं." आम्हाला वाटलं, झालं, आता डुक्कर जगाची सफर करून येणार. पण बँजोला दोन्ही हात लागतात. बूट उचलायचा तर वाजवणं सोडावं लागे. आणि खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. पहिल्या शनिवारी त्याने डुक्कर सुरू केलं, दुसऱ्या फेरीत रिकाम्या जागेकडे पाहिलं, बँजो खाली ठेवला आणि बूट उचलला.

"मजा नाही," तो म्हणाला. "थांबवणारं कुणी नसलं की लांबतच नाही."

विंगेट चमचे बरे वाजवतो.

नवव्या शनिवारी मिस लर्लीन काठी न घेता आल्या. त्यांच्या जागेवरचं स्टूल कुणीतरी सरकवलं. त्यांनी बास उभा केला, तारा एकदा तपासल्या. "हार्लेस, तुझं ते सुरू कर."

हार्लेसने कोट घातला होता. त्याने सांगितलं की या आठ आठवड्यांत त्याने घरी बसून डुकराला थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत नेलं आहे, शेवटही सुचला आहे, फक्त बाराव्या फेरीपर्यंत धीर धरा. मिस लर्लीननी मान हलवली. सगळ्यांनी अंग सैल करून घेतलं. बँजो सुरू झाला, बास मागून आला, खोलीत बऱ्याच दिवसांनी जमीन आल्यासारखं वाटलं.

पहिली फेरी अर्धीही झाली नव्हती. मिस लर्लीनचा उजवा पाय वीतभर वर गेला, चांगला दोन विती वर, आणि नव्या गुडघ्याच्या डाव्या पायावर त्या बगळ्यासारख्या निवांत उभ्या राहिल्या.

सगळे थांबले. हार्लेसचा हात हवेत.

"लर्लीन!"

"नवा आहे," त्या म्हणाल्या. "चालतो का ते बघत होते."

छत्तीस वर्षांत त्याचं गाणं इतक्या लवकर कधी तुटलं नव्हतं. हार्लेसने एकदा त्या पायाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि बँजो छातीशी धरून तो असा हसू लागला की शेवटी फिडलवाल्यानेच पुढचं गाणं सुरू केलं.